ग्रिसेल्दाचे हातमोजे

ग्रिसेल्दा लुखान रागावली की आवाज चढवत नाही, उलट फार सभ्य होते. लास क्रूसेसच्या, म्हणजे आमच्या मिरचीच्या मुलखातल्या, कॉलेजात चार वर्षं मी तिच्याबरोबर एका खोलीत काढली, ती इंजिनीयरिंगला, मी रसायनशास्त्राला. म्हणून सांगते, ती "काही हरकत नाही" म्हणाली की समोरच्याने पळ काढावा.

तिच्या वर्गातल्या पोरांना हे कळलं नाही. गटात ती एकटीच मुलगी, तीही मिरचीवाल्याची. "तुझं अक्षर छान आहे, तू लिहून घे," हे तिने पहिल्या दिवसापासून ऐकलं. शेवटच्या वर्षी तिने मिरची भाजायचं यंत्र केलं. जाळीचं पिंप गॅसवर फिरतं, साल फुगून काळी पडली की सेन्सर जाळ आपोआप कमी करतो. बापाच्या गाड्यावर सगळे रविवार घालवून, भाजून घेत, शिव्या खात तिने ते जमवलं. गटातला टकर डॉइल तेव्हा मासे पकडायला जायचा.

प्रदर्शनाच्या सकाळी पोस्टर लागलं. रचना: टकर डॉइल. सजावट: ग्रिसेल्दा लुखान. ज्याची रचना, त्याला एक कंपनी तिथल्या तिथे नोकरी देणार होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे प्राध्यापक हॉलंड पोस्टरसमोर थांबले, वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय."

"काही हरकत नाही सर," ग्रिसेल्दा म्हणाली.

परीक्षक आले. टकरने बाह्या सरसावल्या. "भाजलेली मिरची मी स्वतःच सोलून देतो, उघड्या हातांनी. अस्सल वाटेल."

आमच्याकडे पाच वर्षांचं पोरसुद्धा तिखट मिरचीला हात लावण्याआधी तेल चोळतं आणि नंतर तो हात डोळ्यांजवळ नेत नाही. ग्रिसेल्दाच्या पिशवीत रबरी हातमोज्यांचे दोन जोड होते. एक तिने स्वतः घातला. दुसऱ्यावर पिशवीची चेन ओढली आणि माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले.

टकरने भराभर सोललं. जाळाची धग, त्यात घाम. त्याने डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"पाणी द्या कोणीतरी," तो कळवळला. मी धावत पाणी आणलं. दूध लागतं हे मला माहीत होतं. पाण्याने तिखट गालभर पसरलं. माझ्या मनात जे झालं त्याला आनंदच म्हणतात.

इकडे टकरने चुकीचं बटण दाबून सेन्सरच बंद केला होता. जाळ चढला, पिंपातून धूर निघाला. परीक्षक बाईंनी विचारलं, "जाळ कमी कसा करायचा?" टकरला यंत्रावरचा स्क्रीन दिसत नव्हता. दिसला असता तरी काय कळलं असतं म्हणा. ग्रिसेल्दा शांतपणे मिरची सोलत बसली होती.

"ग्रिस, कर ना काहीतरी," तो म्हणाला.

"मी तर सजावट. यंत्र कुणाचं आहे?"

"तुझं."

"बाईंना सांग."

"हिचं आहे. सगळं हिनेच केलंय," टकर नाक ओढत म्हणाला. मग ती उठली, जाळ उतरवला आणि बाईंना एकेक भाग उघडून दाखवला. नोकरी तिला मिळाली.

सामान आवरताना हॉलंड सर आले. पिशवीतला न वापरलेला जोड त्यांना दिसला. "तुझ्याकडे हे होते? त्याला सावध का नाही केलंस? हे मला अजिबात आवडलं नाही."

"सकाळी पोस्टर तुम्ही वाचलंत ना सर?"

"वाचलं."

"तुम्ही बघून गप्प बसलात. मीही बघून गप्प बसले. माझ्यामुळे त्याचे डोळे तासभर चुरचुरतील. तुमच्यामुळे माझी चार वर्षं गेली असती."

तिने पिंपाची एक बाजू धरली आणि दुसरी सरांना धरायला सांगितली. त्यांनी धरली.