दस्तगीरची रोपं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढंही नाही — तिथं उभा राहिलो की दुसरंच काहीतरी मागायचो. तुम्हाला सांगतो.

महाराजांची कारकीर्द होती. कोल्हापुरात एका सरदारांच्या बंगल्यावर मी माळी होतो, माझ्याबरोबर दस्तगीर. एकाच वर्षी कामाला लागलो, वयानंही बरोबरीचे. पण बाईसाहेब बागेत आल्या की हाक कुणाला मारायच्या? दस्तगीरला.

त्यांनी विलायतेहून पिटुनियाचं बी मागवलं. पाहिलंय तुम्ही ते कधी? तपकिरीसारखं बारीक, शिंक आली तर हंगाम गेला. पहिल्या वर्षी दोघांना निम्मं निम्मं मिळालं. मी मेथीसारखं मातीखाली दाबलं — एक कोंब आला नाही. दस्तगीरनं ते वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर काच ठेवली. माघात त्याच्या कुंड्या जांभळ्या फुलांनी झाकून गेल्या.

"त्या बियाला उजेड लागतोय गा," त्यानं आपणहून सांगितलं. काही लपवलं नाही. लपवलं असतं तर बरं झालं असतं — रागाला निदान कारण मिळालं असतं.

पुढच्या आश्विनात सगळं बी त्याला. मला मेंदीचं कुंपण छाटायला.

रोपं दोन-दोन पानांवर आली आणि गडहिंग्लजहून सांगावा आला, त्याची आई अंथरुणाला खिळली होती. जाताना म्हणाला, "वरनं पाणी घालू नगोस, सदबा. परातीत पाणी घिऊन कुंडी ठेव, तळातनं वढून घील ती. तुझ्यावर सोडून जातोय."

दोन दिवस मी तसंच केलं, खरंच केलं. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब आल्या. परात माझ्या हातात, आणि त्या म्हणाल्या, "दस्तगीरची रोपं काय तजेलदार आहेत!"

दस्तगीरची.

त्या गेल्या. मी — कसं सांगू? — मी झारी भरली. तोंडावरची चाळणी काढली आणि एकेका कुंडीत धार सोडली. केसासारखी देठं ती, चिखलात आडवी झाली. दुसऱ्या दिवशी परत ओतलं. हात घसरला नव्हता.

दस्तगीर आईला माती देऊन परतला. कुंड्यांपुढं उकिडवा बसला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. "माती भाजून घ्याला पायजे हुती म्या, बुरशी मेली असती," एवढंच म्हणाला. बाईसाहेबांनाही त्यानं तेच सांगितलं. मी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं, नाही का?

त्याला फुलझाडांवरून काढलं आणि विहिरीवर पाणी शेंदायला लावलं. फुलझाडं माझ्याकडं आली. पुढच्या वर्षी त्यानं सांगितलं होतं तसंच मी पेरलं, पाणीही तळातूनच दिलं. शेंडे खुडले, सुकलेली फुलं रोज काढली, चैत्रापर्यंत ताटवा फुलत राहिला. बघायला पाहुणे यायचे.

एकदा दस्तगीर खांद्यावर पखाल घेऊन तिथं थांबला. "हात बसला की तुझा," म्हणाला. मनापासून म्हणाला. तेव्हा मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतं? गोड वाटलं मला. आणि लगेच वाटलं — हा कोण मला शाबासकी देणारा?

तो पुष्कळ वर्षं पाणीच शेंदत राहिला. तो गेल्यावर मी मातीला गेलो. त्याची लेक सासरहून आली होती. कुणीतरी तिला सांगितलं असावं, सदबा त्यांच्याबरोबरचा. ती जवळ येऊन म्हणाली, "चाचा, अब्बा कधीतरी फुलं लावायचे म्हणं. चांगली यायची व्हय?"

मी तिच्याकडं पाहिलं. सत्तरीला आलो होतो, तो मातीखाली होता.

"बरी यायची," मी म्हणालो.