नसलेल्या हाताच्या मुंग्या

माझा धाकटा दीर सुतार. सगळे त्याला पटाशी म्हणायचे, कारण जीभही त्या लाकूड तासायच्या हत्यारासारखीच. लागली की सालपटंच निघायची समोरच्याची. लिहिलंस? हं, पुढं लिही.

वखारीत करवतीच्या यंत्रावर फळी ढकलताना त्याचा डावा हात गेला. मनगटाच्या जरा वरून. माणूस वाचला, जखमही छान भरली, आणि खरी पीडा तिथून सुरू झाली. जो हात नव्हताच, तोच दुखायला लागला. मला म्हणायचा, "वहिनी, मूठ आवळून बसलीय. ती फळी धरलेली सोडतच नाही. नखं तळहातात रुततायत हो." मी बघायचे तर बाहीला गाठ मारलेली आणि गाठीखाली नुसती हवा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण डॉक्टर म्हणाले, असं होतं बऱ्याच जणांचं. हात गेलाय हे नसांना कळलेलं नसतं.

गोळ्या झाल्या, शेक झाला. दात आवळून बसायचा दिवसभर, जेवण तसंच ताटात. शेवटी एक दिवस म्हणाला, "आणखी वर कापून टाकायला सांगतो. मूळच उपटतो." डॉक्टरांनी बजावलं, कापून दुखणं जाईलच असं नाही. पण ऐकतोय कोण? भांडून ऑपरेशनची तारीख घेऊन आला. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, भिंतीला टेकून उभी होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, असं थोडं थोडं करून यांना सगळंच नेणार का हो?"

मग दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी एक मशीन दिलं. म्हणाल्या, तारखेपर्यंत हे करून बघा. साबणाच्या डबीएवढं, बॅटरीवर चालणारं. त्यातून दोन वायरी निघायच्या, टोकाला चिकट पट्ट्या. पट्ट्या कातडीला चिकटवायच्या, चक्री हळूच फिरवायची, की मुंग्या आल्यासारखं होतं आणि दुखणं दबतं. छातीवर लावायचं नाही, गळ्यावर लावायचं नाही, काढताना आधी बंद करायचं. धाकटीनं सगळं पाठ केलं.

पहिल्या दिवशी थोट्या हातावर लावलं तर तो ओरडलाच. तिथली कातडी नुसता वारा सोसायची नाही. मग धाकटीनं काय करावं? बिचारी उशीशी वाकली आणि विचारलं, "अहो, हात आत्ता कुठं ठेवलाय तुम्ही?" तो म्हणाला, "हा काय, उशीवर." तिनं पट्ट्या उशीला चिकटवल्या!

"अगं, तिथं काय लावतेस! तो अंगठा आहे," हा खेकसला.

"मग तळहात कुठाय?"

"जरा खाली. हां, तिथं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण उशीला तिथं खळगा पडला होता. म्हटलं, डोकं टेकून पडला असेल मगाशी.

बाईंना सांगितलं तर त्या मात्र पोट धरून हसल्या. म्हणाल्या, उशीला कसली नस? लावा उजव्या हाताला. डाव्याच्या ज्या जागी दुखतं, तीच जागा उजव्यावर.

तसं लावलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन, बाहेर कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज. मी त्याच्या डाव्या अंगाला शेंगा सोलत बसले होते. मशीनचा बारका दिवा लुकलुकत होता. जरा वेळानं तो हळू आवाजात म्हणाला, "मुंग्या तिकडंही चालल्यायत." आणि मग, "करंगळी सुटली." मग दुसरं बोट, मग तिसरं. कपाळावर घाम, पण चेहरा असा सैल मी कितीतरी दिवसांनी बघितला. "फळी पडली, वहिनी," म्हणाला.

आणि बाळा, मी अंगठाबहाद्दर बाई, खोटं सांगून मला काय मिळणार? फळी पडल्याचा आवाज मी ऐकला. धाकटीनंही ऐकला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि मी खाली बघून शेंगा सोलायला लागले.

त्यानंतर रोज मशीन. दुखणं उतरत गेलं. पण हातही निघाला. म्हणजे कसं, पंजा वर सरकायला लागला. म्हणायचा, आज मनगट जाणवत नाही. आज पंजा जवळ आलाय. शेवटी तर बोटं थेट थोट्याला फुटल्यासारखी. पायाशी झोपणारी मांजर त्याच्या डाव्या बाजूनं जायची ती त्या जागेला वळसा घालून जायची, आणि तो वळसा रोज लहान होत गेला. मी तिला दूध दाखवून सरळ बोलावलं, तरी नाही.

तारीख तोंडावर आली तसा तो मशीनला हातच लावेना. मी म्हटलं, "भाऊजी, सुटताय तर मागं का फिरताय?"

"वहिनी, आज लावलं तर तो जाईल. कळतंय मला. याच हातानं मी रंधा धरायला शिकलो. दुखतो म्हणून तरी आहे. एकदा गेला की मी खरंच थोटा."

धाकटी म्हणाली, "मग नका लावू."

"आणि उद्या टेबलावर जाऊ? तिथंही जाणारच की तो. वर आणखी थोडा मीही."

मग त्यानं स्वतःच पट्ट्या उजव्या हाताला लावून घेतल्या, दातानं प्लास्टिक सोलून, चिकट बाजू वर करून मांडीवर ठेवून त्यांवर हात दाबून. धाकटीला म्हणाला, "इकडं ये. डाव्या बाजूला बस. तळवा पुढं कर." तिनं केला. त्यानं थोटा हात तिच्या तळव्यावर टेकवला. वायर तिच्या अंगाला कुठं लागलेली नव्हती, मी नीट बघितलं.

तिनं डोळे मिटले. "चारच आहेत," म्हणाली. "अंगठा कुठाय?"

"येतोय. दमतो बिचारा."

"हां. आला."

मग त्यानं चक्री फिरवली. बराच वेळ गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही. हात कापला गेला तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता. "गेला," म्हणाला. मशीन बंद केलं, आणि बसल्या जागी आडवा होऊन झोपला. लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून.

सकाळी त्याच्या थोरल्या भावानं जाऊन तारीख रद्द केली. पुढं पटाशीनं एका हातानं करवतींना धार लावायचं दुकान काढलं, लोकांची सालपटंही पहिल्यासारखी काढली. त्या हाताचं दुखणं परत कधी नाही.

पण त्या दिवशीचं सांगते. तो झोपल्यावर धाकटी उठली, दिवा लावला, भात टाकला, सगळं एका हातानं. दुसरी मूठ आवळलेली. मी म्हटलं, "अगं, हात मोकळा कर की. भाजशील."

ती म्हणाली, "आत्ता नको ताई. अजून हलतंय."