‘थांबू शकते’चा खण

“हे कोणत्या खणात?” एवढं विचारल्याशिवाय काकांनी एकही मेल उघडला नाही. डाव्या हाताने चष्मा वर सारायचा, उजवं बोट पडद्यावर टेकवायचं आणि मग प्रश्न. पडद्यावर बोटांचे इतके ठसे, की मला पुसून पुसून वैताग यायचा.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा नग असेल. आमचे काका जन्मभर स्टोअरकीपर. नट या खणात, बोल्ट त्या खणात. निवृत्त झाल्यावर दुर्गजवळच्या स्मृति नगरातल्या आमच्या लहानशा नर्सिंग कॉलेजात मेल सांभाळायला आले. मी प्रवेशाच्या टेबलावर, त्यांच्या शेजारीच.

पहिल्या महिन्यातच त्यांनी कुठूनसं एक जोड-साधन शोधून मेलला बसवलं. शब्द सांगितला की ते तसे मेल आपोआप वेगळे काढायचं आणि त्यावर रंगीत टॅग लावायचं. काका लहान मुलासारखे हरखले. टॅगची नावंही त्यांचीच: ‘आजच’, ‘बाईले विचारून’, ‘नुसत्या शुभेच्छा’, ‘भांडण’. ‘तातडीने’ हा शब्द दिसला की मेल ‘भांडण’मध्ये. आमच्या प्राचार्यबाई तातडीनेशिवाय लिहीतच नसत. त्यामुळे बिचाऱ्यांचा दिवाळीच्या सुट्टीचा मेलसुद्धा भांडणात गेला.

आणि एक खण होता, ‘थांबू शकते’. ज्या मेलच्या विषयात ‘रिमाइंडर’ असेल तो थेट तिथे. मी म्हटलं, काका, हे उलटं नाही का? ते हसले. “बाई, स्टोअरमध्ये ज्याले खरी गरज राहते ना, तो काउंटरवर येऊन उभा राहते. कागद पाठवते तो थांबू शकते.” चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

एका शनिवारी पाच वाजेपर्यंत शेवटची जागा भरायची होती. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव उतई गावच्या एका मुलीचं. तिची सही आली नाही तर जागा पुढच्या नावाला, आणि त्या पुढच्या मुलीचे वडील सकाळपासूनच बाकावर येऊन बसलेले. उतईच्या मुलीने काहीच कसं कळवलं नाही म्हणून मी काकांच्या कॉम्प्युटरवर तिचं नाव शोधलं. ‘थांबू शकते’मध्ये तिचे तीन मेल निघाले; आम्हीच पाठवलेल्या कागदपत्रांच्या ‘रिमाइंडर’ला दिलेली उत्तरं, म्हणून विषयात तोच शब्द. मूळ निवासाचं प्रमाणपत्र (डोमिसाइल) अजून मिळालं नाही, त्याच्या अर्जाची पावती चालेल का, एवढंच विचारलं होतं. चालत होती! नियमातच होतं. आणि कॉलेजात येऊ नये, मेलच करावा, ही दारावरची सूचना आमचीच.

काकांनी तिन्ही मेल वाचले. बोट पडद्यावर होतं ते काढलंच नाही. मी तिला फोन लावला तर बंद. घड्याळात अडीच.

“बाई, उठा,” म्हणाले. “मी जाऊन राहिलो. तुमी चला, माह्यावर कोणी भरवसा नाही ठेवणार.”

त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून मी सगळे देव आठवले. उतईत विचारत विचारत घर सापडलं. मुलगी अंगणात भाजी निवडत होती. तिने नाद सोडून दिला होता, पुढच्या आठवड्यापासून गावातल्या कपड्याच्या दुकानात जाणार होती. काकांनी आधी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिच्या वडिलांसमोर, शेजारपाजारच्या बाया बघत असताना, छत्तीसगढीत त्या एवढ्याशा पोरीला म्हणाले की चूक तुझी नाही, माझी आहे. तू तीनदा लिहिलंस आणि मी एकदाही वाचलं नाही. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

मुलीने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग आत जाऊन पावती घेऊन आली. वडिलांनी मोटरसायकल काढली.

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिने सही केली. बाकावरचे गृहस्थ माझ्यावर भडकले, ते वेगळं. त्यांचंही चूक नव्हतं.

सोमवारी वाटलं, काका ते साधन काढून टाकतील. नाही काढलं. फक्त रोज चार वाजता चहा बाजूला ठेवून ‘थांबू शकते’ उघडायचे आणि एकेक मेल मला मोठ्याने वाचून दाखवायचे. जाहिरातीसुद्धा! मी चिडायचे. “ऐका ना बाई,” म्हणायचे, “कोणी तरी वाट पाहून राहिलं असन.”

ती मुलगी शिकली, आता दुर्गच्या एका दवाखान्यात आहे. आणि काका गुडघ्यांपायी नागपूरला मुलाकडे गेले. जाताना दोन दिवस बसवून त्यांनी मला सगळे खण समजावले.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. पहिल्याच सकाळी जवळच्याच पाटण गावातल्या एका मुलीचा मेल होता, पावती चालेल का म्हणून. तिला दुसऱ्यांदा लिहावं लागलं नाही.