कुशाबाच्या हातचा तंबाखू

आमच्या कार्यालयात लोक बदली मागायला येत, बढती मागायला येत, निदान रजा मागायला तरी येत. साबणाची वडी मागायला आलेला हैबती कळंबे हा पहिलाच. मी त्याला बाजाराचा रस्ता दाखवला.

साल चौसष्ट. महाडातल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण त्याचं पेन्शन मी अजून खातोय. भातावर निळे भुंगेरे पडले की विषारी औषध फवारायला सहा जणांची टोळी हंगामापुरती नेमली होती. दोन हंगाम नीट काम केलंत तर कायम करू, असं साहेबांनी त्यांना तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगण्याची सोय अशी, की ते फायलीत सापडत नाही.

हैबती पोलादपुराकडच्या कुडपणचा. डोंगरावर नाचणी-वरीचे चार तुकडे, आणि घरी बायको बनुबाई. दहा वर्षं तो मुंबईत गिरणीच्या रंगखात्यात होता. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी नवराबायकोचा सहवास काय तो गणपती आणि शिमग्यापुरता. ही नोकरी कायम झाली असती, तर त्याला पुन्हा मुंबईला जावं लागणार नव्हतं. माणसाला हवं होतं ते एवढंच.

टोळीला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिला दिवस उद्घाटनात गेला, तिसरा आभारप्रदर्शनात. मधल्या दिवशी साहेबांनी खरोखर शिकवलं. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. औषध काठीने ढवळा, हाताने नको. विष कातडीतूनही अंगात जातं, तेव्हा साबणाने हात धुतल्याखेरीज काहीही तोंडात घालू नका. प्रात्यक्षिक साध्या पाण्याचं झालं, त्यामुळे कुणाला काही इजा झाली नाही. रबरी हातमोजेही आले होते, सहा जोड. साहेबांनी ते सर्वांना लांबून दाखवले आणि मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरले की ते जुने दिसणार, आणि जिल्ह्याहून तपासणीला आलेल्यांना जुने मोजे दाखवणं शोभत नाही.

हैबतीने मोजे मागितले, तेव्हा मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं.

"मंग माज्या हातांचं काय?" तो म्हणाला.

"हात तपासणीला लागत नाहीत," मी म्हणालो. फार मोठा विनोद केला असं वाटून मी दिवसभर खूश होतो.

बाकीचे पाच जण शहाणे होते. शिकलेलं सगळं ते संध्याकाळपर्यंत विसरले. हैबतीला ते जमेना. गिरणीत त्याच्या शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत तेजाब उडालं होतं, आणि त्या आंधळ्याला हाताला धरून चाळीपर्यंत यानेच आणलं होतं. त्यामुळे हा पठ्ठ्या फवारण्याआधी वाळलेलं गवत हवेत सोडून वारा बघणार, तोंडाला पंचा बांधणार आणि न्याहारीआधी ओढ्यावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावणार. साबण स्वतःचा, कमरेला पुडीत बांधलेला. शेतकरी विचारत, "काय रे हैबत्या, सोवळ्यात हायेस काय?" टोळीतले खो खो हसत. आम्ही कार्यालयातही हसत असू, फक्त पंख्याखाली.

आता आमच्याकडच्या बांधावरची एक रीत सांगायला हवी. शेताचा मालक तळहातावर तंबाखू नि चुना मळतो, थापटतो आणि तोच तळहात पुढे करतो. आपण त्यातून चिमूट उचलायची. नको म्हटलं, तर याला तंबाखू नको असं कुणी समजत नाही, आपल्या हातचं नको असं समजतात. एवढ्यावरून ठरलेल्या सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

भाद्रपदात टोळी सावित्रीकाठी तुडीलला गेली. कुशाबा तिथला मातबर शेतकरी, आणि हौशी. आपल्या शेताचं औषध आपणच कालवायचं म्हणून त्याने पिंपात कोपरापर्यंत हात घालून ते ढवळलं, हात धोतराला पुसला आणि लगेच तंबाखू मळायला घेतला. तळहात पहिल्यांदा हैबतीपुढे आला. हैबती नको म्हणाला. तेवढ्यात कुशाबा स्वतःच चिमूट तोंडात टाकायला निघाला, तेव्हा याने त्याच्या हातावर फटका मारला. सगळा तंबाखू चिखलात.

अख्ख्या गावादेखत! टोळी महाडला परतायच्या आत कुशाबाची तक्रार साहेबांच्या टेबलावर होती.

साहेबांनी तोडगा काढला. सोमवारी कुशाबाच्या अंगणात जायचं, कुशाबाने तंबाखू मळायचा, हैबतीने तो चार माणसांसमोर खायचा. खाल्ला तर नोकरी कायम, नाही खाल्ला तर घरी. इतका स्वस्त न्याय साहेबांनी एरवी कुणाला दिला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा कुशाबा गोठ्यातून येत होता. "म्हशीला गोचिड्या झाल्यात," तो साहेबांना म्हणाला. "तुमचं उरलेलं औषध हुतं, हातानं चोळलं आत्ताच." मग हात धोतराला पुसून त्याने कमरेची चंची काढली. तंबाखू मन लावून मळला, तीनदा थापटला आणि तळहात पुढे केला.

हैबतीने वाकून त्याच्या पायाला हात लावला. "दादा, तुमचा मान मोठा हाय. चुकलो म्हना. पन आदी हात धुवा."

"माजा हात बाटलाय व्हय रे?"

"बाटला नाय दादा. त्येच्यावर इष हाय. म्हशीलापन धुवून काढा, आत्ताच्या आत्ता."

साहेब कंटाळले होते. "हैबती, एवढ्याशाने काही होत नसतं. खा आणि मोकळा हो."

हैबती त्यांच्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "मंग सायेब, आदी तुमी घ्या."

कुशाबाने खरंच तळहात साहेबांकडे फिरवला. यजमानच तो. साहेब दोन पावलं मागे सरले. "मी तंबाखू खात नाही," ते म्हणाले. येताना जीपमध्ये त्यांनी माझ्याच डबीतून दोनदा घेतला होता.

कुशाबा हौशी असला तरी खुळा नव्हता. तो साहेबांच्या मागे सरलेल्या पायांकडे बघत राहिला, मग आपल्या तळहाताकडे. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जे जमलं नव्हतं, ते साहेबांच्या दोन पावलांनी झालं. त्याची बायको रंगूबाई दारातून हे सगळं ऐकत होती. ती तांब्या घेऊन आली. "अवो, हात करा फुडं," ती म्हणाली आणि पाणी ओतू लागली. हैबतीने कमरेची पुडी सोडून साबण दिला. मग तिघंही गोठ्याकडे धावले. म्हशीच्या तोंडाला फेस आला होता, पाय थरथरत होते. तिघांनी घागरींवर घागरी ओतल्या. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. दिवस मावळायच्या आत म्हैस मेली.

दुसऱ्या दिवशी कुशाबा तुडीलहून चालत महाडला आला. तक्रार मागं घेतो, म्हणाला. "त्या मानसाला ठेवा सायेब. त्यो नस्ता तर म्हशीच्या जागी मी असतो."

साहेबांनी त्याला चहा पाजला. तक्रार मिटली याचा त्यांना आनंदच झाला, पण चार माणसांत आपल्याला तोंडघशी पाडणारा माणूस त्यांना कार्यालयात नको होता.

चार दिवसांनी हैबती पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईच्या एसटीत बसला. मी काही कामाने तिथे होतो. बनुबाई खिडकीखाली उभी होती. ती रडत नव्हती, फक्त खिडकीचा गज धरून होती, आणि गाडी सुरू झाल्यावरही तिने तो पटकन सोडला नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. मी पानाच्या ठेल्यामागे उभा राहिलो.

त्याला काढल्याचा कागद मीच लिहिला होता. कारण काय लिहू, असं मी साहेबांना विचारलं होतं. त्यांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "प्रशिक्षण अपुरे." मी तसंच लिहिलं.