मुहर्रकचे जमालुद्दीन कप्तान

माझ्या नवऱ्याला, जमालुद्दीनला, बहरीनमधलं सगळं मुहर्रक गाव कप्तान म्हणायचं. सगळं म्हणजे आपले रत्नागिरीकडचे. अरबांना कुठे वेळ होता! हे जैतापूरच्या एका तांडेलाच्या घरातले. विसाव्या वर्षी बापाच्या गलबताचं सुकाणू धरून मंगळुरी कौलं आणायचे. पुढे ट्रक आले, गलबत किनाऱ्यावर कुजलं, आणि चौऱ्याहत्तर साली हे बहरीनला एका इंग्रज साहेबाच्या यॉटवर लागले. यॉट म्हणजे हौसेची शिडाची बोट. माल नाही, मासे नाहीत, नुसतं फिरायचं.

शुक्रवारी घरी आले की चटईवर बसून सांगायचे, वारा कसा फिरला, मी शीड कसं उतरवलं, साहेब कसा म्हणाला, कॅप्टन, तू नसतास तर खलास. मुलं आ वासून ऐकायची. मीही.

“एकदा मला न्या की,” मी म्हणायचे.

“बायकांचं काम नाही ते, खदिजा. बोट लागते.”

एक्याऐंशीत साहेबाची मॅडमच गाडी घेऊन दारात आली. नवऱ्यानं इतकी वर्षं काम केलं, आज बायकोनं यायचंच, म्हणाली. धक्क्यावर मला बघून ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्या जुन्या चपलांची लाज वाटली.

बोट सुटली. सुकाणूवर साहेब. हे पांढरा कोट घालून ट्रे फिरवत होते. ग्लासात काय आहे ते वासानंच कळलं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस! “जॉनी, बर्फ!” पाहुणे ओरडले. हा जॉनी कोण म्हणून मी आधी इकडेतिकडे पाहिलं.

पुढे पाण्याचा रंग फिकट झाला. खाली वाळू, हे मलाही कळलं. ह्यांनी हळूच म्हटलं, “सर, पानी कम है.”

“जॉनी, तू बर्फ बघ,” साहेब हसला.

दोन मिनिटांत बोट रुतली. मग कोट काढून हेच छातीभर पाण्यात उतरले, ढकलायला. पाहुणे टाळ्या वाजवत होते. ढकलता ढकलता ह्यांनी मान वर केली, मी बघतेय का ते पाहायला. मी झटकन पदर तोंडाला लावला आणि आडवी झाले. पोटात ढवळतंय, मॅडमला खुणेनं सांगितलं. परत धक्क्याला लागेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

घरी ह्यांनी स्वतः चहा करून दिला. जन्मात पहिल्यांदा.

“काही पाहिलंस?”

“कसलं पाहते! डोकंच वर झालं नाही.”

“हं. बोट वाळूत शिरत होती. मी सुकाणू वळवलं म्हणून...” आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. आमची वरात उधाणात होडीनं गेली होती. अर्धे वऱ्हाडी ओकत होते, आणि नवरी बोरं खात बसली होती. तेच आठवलं असणार. वाक्य तसंच राहिलं.

पुढच्या महिन्यात साहेबाकडून रिलीज, म्हणजे दुसरीकडे काम धरायची परवानगी, मागून घेतली आणि सनाबिसला सिमेंटच्या गोदामात लागले. सहा वर्षं तिथे खोकले. मुलांनी गोष्ट मागितली की म्हणायचे, “गोदामात काय गोष्टी असतात?”

शेवटच्या आजारात मी उशाशी बसून विचारलं, “समुद्र का सोडलात हो?”

“तुला बोट लागते ना,” म्हणाले.

मी म्हटलं, “हो, लागते.”