बाईंनी दिलेला लॅपटॉप

आमच्या बाई मुलांवर कधी ओरडल्या नाहीत, पण मोठ्या गुरुजींशी रोज भांडायच्या. कंधारहून एसटीने यायच्या आणि आल्या आल्या कपाटाची किल्ली मागायच्या. कुठल्याशा योजनेतून शाळेला मुलांसाठीचे दहा स्वस्तातले लॅपटॉप आले होते. ते त्या कपाटात होते.

“पोरं मोडतील, मॅडम,” गुरुजी म्हणायचे.

“मोडू द्या की. कपाटात राहून बी खराबच होणार हायेत.”

हात धुऊन, फ्रॉकला पुसून आम्ही एका लॅपटॉपवर तिघी बसायचो. चुकीचं बटण दाबलं की जीव घाबरायचा. बाई म्हणायच्या, “भिऊ नको, माय. चुकलं तर खोडता येतं.” गावात लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून बाई निम्मे लॅपटॉप पिशवीतून घरी न्यायच्या आणि सकाळी चार्ज करून आणायच्या.

माझ्या शेजारी बसणारी रुक्मिण सगळ्यांत हुशार. सातवीत बाईंनी शेळीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर हिनं पानभर लिहिलं. बाई ते वर्गात वाचून दाखवताना हसत सुटल्या. त्याच दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला निघाले. बाई त्यांच्या घरी गेल्या.

“पोरीला माझ्याकडं ठेवा. मी सांभाळते.”

“आन् लहान्याला कोण बघंल, बाई?” बाप म्हणाला.

शेवटी बाईंनी स्वतःच्या सहीवर एक लॅपटॉप रुक्मिणच्या हाती दिला. “शाळा काही तुझ्यासंगं येत न्हाई. हे तरी ने. रोज थोडं लिही.”

चैत्रात बाप एकटाच शाळेत आला. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप त्यानं टेबलावर ठेवला. एक ओरखडा नव्हता.

“रुक्मिण कुठाय?”

“लगीन दिलं उरकून, बाई. तिकडंच. आम्ही दोघं दिवसभर उसाच्या फडात. वयात आलेली पोर पाचटाच्या कोपीत एकटी कशी ठेवावी?”

तो गेल्यावर बाईंनी लॅपटॉप चार्जिंगला लावला. आम्ही भोवती उभ्या. त्यात पहिल्याच दिवशी लिहिलेली एक ओळ होती, ‘बाई, इथं लाईट न्हाई.’ पुढं काहीच नव्हतं.

त्यानंतर बाईंनी किल्ली मागितली नाही. एकदा तर गुरुजींनीच ती पुढं केली. बाई म्हणाल्या, “राहू द्या.” दोन पावसाळ्यांत लॅपटॉपच्या बॅटऱ्या फुगल्या. बाई खडूनं शिकवत राहिल्या, नीट शिकवत राहिल्या, पण कुणाच्या लिहिण्यावर त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांची बदली झाली.

गेल्या महिन्यात विष्णुपुरीच्या बसथांब्यावर त्या भेटल्या. केस पार पांढरे झालेले. मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला आहे, असं सांगितलं.

“बरं झालं, माय,” म्हणाल्या आणि लगेच विचारलं, “रुक्मिण?”

“ऊसतोडीलाच जाती, बाई. नऊ वर्षांची पोरगी हाय तिला. तीबी संगंच असती.”

“कितवीत हाय?”

“शाळेत घातलंच न्हाई, बाई.” बाई रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.