आपलीच गाडी परत आली

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तेव्हा नवीकोरी अधिकारी होते. मोबाइल अजून गावात पोचायचा होता. आणि त्या दिवशी पाच वाजता आमचे लाइनमन काका निवृत्त होणार होते. शाल, नारळ, हार टेबलावर तयार. काकांना मात्र एकच हवं होतं: बुलढाण्याची नवी डिजिटल लाइन चालू व्हावी आणि तिच्यावरून पहिला फोन त्यांनी लेकीला करावा, नोकरीत असतानाच. लेक बुलढाण्याला दिलेली. सकाळपासून ती फोनपाशी बसून होती.

जुन्या लाइनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं. काकांची अख्खी नोकरी ओरडण्यात गेलेली. घरात त्यांनी मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन येते, असं त्यांची बायको सांगायची.

नव्या लाइनचं गणित मी त्यांना एसटीवर समजावलं होतं. आवाजाचे बारीक तुकडे करून गाड्यांत बसवायचे. प्रत्येक गाडीत बत्तीस सीटा, पहिल्या सीटवर कंडक्टर. गाड्या इतक्या भरधाव, एकीला एक लागून, की पलीकडच्याने आधी कंडक्टर ओळखायचा, मग तिथून सीटा मोजून ज्याचा तुकडा त्याला द्यायचा. कंडक्टर सापडला तर आमच्या यंत्रात खोचलेल्या त्या लाइनच्या कार्डावर हिरवा दिवा, नाहीतर लाल. काका म्हणाले, कंडक्टर न सापडणं ही तर आपल्याकडची रोजचीच गोष्ट.

सकाळी दिवा लाल. आपलं कार्ड तरी धड आहे का बघावं म्हणून मी बुलढाण्याच्या तारा सोडवल्या आणि आपली जाणारी तार एका वीतभर तारेने आपल्याच येणाऱ्या तारेला जोडली. तरी लालच. मग जुन्या लाइनवरून बुलढाण्याच्या तंत्रज्ञाशी मी जे भांडण काढलं, त्यात ती जोडलेली तार डोक्यातून साफ गेली. तो बिचारा म्हणत होता, मॅडम, तुमच्याकडून काहीच येत नाही. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

चार वाजता माझा संताप अनावर झाला आणि मी कार्डावर बुक्की हाणली. सैल बसलेलं कार्ड खट्कन आत गेलं अन् दिवा हिरवागार! मी खुर्चीभोवती गिरकी घेतली, चारचौघांत, अधिकारी असून. समोरच्या हॉटेलातून गरम जिलेबी मागवली. सगळ्यांची तोंडं चिकट झाली आणि काकांनी चष्मा पुसून लेकीचा नंबर फिरवला.

शुकशुकाट. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. बुलढाणा म्हणे, आमच्याकडे अजून लालच आहे. मी तोंडात जिलेबी धरून त्याला पुन्हा झाडलं.

काका उठले आणि तारांच्या चौकटीवर बोट फिरवत गेले. वीतभर लाल-पांढऱ्या तारेपाशी त्यांचं बोट थांबलं.

"मॅडम, हे कोनं लावली?"

मीच लावली होती.

"मंग गाडी बुलढाण्याले गेलीच नाही. आपलीच गाडी परत आली, अन् आपल्याच कंडक्टरले पाहून आपन जिलेबी खाऊन राह्यलो."

मला इतकं हसू आलं की खाली फरशीवर बसावं लागलं. लाजही वाटत होती, पण हसू थांबेना. काकांनी ती तार काढली, बुलढाण्याच्या तारा जोडल्या. दिवा लाल झाला. पाचला दहा मिनिटं होती आणि सगळे त्या दिव्याकडे बघत होते. मग तो हिरवा झाला. बुलढाणाही ओरडला, हिरवा, हिरवा! मी त्याची माफी मागितली, अगदी मनापासून.

काकांनी नंबर फिरवला. घंटा गेली, आणि ते सवयीने असे गरजले की माझ्या हातातला हार हलला. पलीकडून लेकीचा आवाज आम्हाला सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"बाबा, वरडू नका. बाजूले बसल्यावानी ऐकू येते."

काकांचा रिसीव्हर कानाला तसाच. आता बोलायचं कसं, हे त्यांना खरंच कळेना. मग मी कधीच न ऐकलेल्या एका हळू, मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "जेवली का, माय?"

पाच वाजून गेले. हार घेऊन आम्ही उभेच राहिलो.